वाटेत विणले जाणारे जाळे : लष्करी बिनतारी संदेशवहनातील संकेतव्यवस्था

१

चंडीगडहून दिल्लीकडे जाणारा रस्ता अंबाल्यास ग्रँड ट्रंक रोडला मिळतो आणि कर्नाल मागे टाकून पानिपतास पोहोचतो. मराठी वाचकाच्या मनात हे नाव एका पराभवाशी कायमचे जोडले गेले आहे. संदेशवहनाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र तेथे आणखी एक गोष्ट दिसते. १७६० च्या ऑक्टोबर अखेरीस अहमदशहा अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि सदाशिवरावभाऊंचे सैन्य व दिल्ली यांच्यामध्ये तो येऊन उभा राहिला. तेव्हापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत भाऊंच्या छावणीतून दक्षिणेकडे निघणाऱ्या पत्रांची वाट शत्रूच्या टापूतून जात होती. नानासाहेब पेशवे उत्तरेच्या रोखाने निघाले होते. परंतु लढाईचा निकाल त्यांना सुमारे दहा दिवसांनी, भेलशाच्या परिसरात कळला, आणि तोही लष्करी जासुदाकडून नव्हे, तर एका सावकारी पत्रातून. त्या पत्रात झालेली हानी मोती, मोहरा आणि नाणी यांच्या रूपकात सांगितली होती.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, ज्या व्यवस्थेत संदेशाला एकच ठरलेला मार्ग असतो, तेथे तो मार्ग तुटला की सर्व व्यवस्था एकदमच मुकी होते. दुसरी अशी की, बातमी अखेर पोहोचली ती ज्यांच्यावर ते काम सोपविलेलेच नव्हते अशा माणसांच्या हातून, आणि तिचा अर्थ लागला तो वाचणाऱ्याला व्यापारी रूपकाची भाषा आधीपासून ठाऊक होती म्हणून. १७६१ मध्ये जे केवळ योगायोगाने घडले, ते नियमाने घडवून आणता येईल काय? नियोजित वाट बंद पडली असता जो सहकारी जवळ सापडेल त्याच्या हाती संदेश द्यावा, त्याने तो पुढच्याच्या हाती द्यावा, आणि हे सर्व कोणाही मध्यवर्ती अधिकाऱ्याच्या आज्ञेवाचून व्हावे, अशी रचना शक्य आहे काय? गेल्या पन्नासाहून अधिक वर्षांतील लष्करी रेडिओ-विद्येचा एक मोठा भाग याच प्रश्नाच्या उत्तरासाठी खर्ची पडला आहे. या विद्येचा परिचय साहित्याच्या व भाषेच्या अभ्यासकांना करून द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय यंत्रांचा असला, तरी त्याचे मर्म संभाषणाच्या नियमांत आहे.

२

प्रथम दोन संज्ञांचा विचार करू. इंग्रजीतील ‘प्रोटोकॉल’ या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे. पपायरसच्या गुंडाळीला आरंभी डकविलेले पहिले पान, असा त्याचा मूळ अर्थ. पुढे त्याला राजनैतिक शिष्टाचाराचा अर्थ आला आणि नंतर संगणकशास्त्राने तो उचलला. मराठीत आपण शिष्टाचार, राजशिष्टाचार असे प्रतिशब्द वापरतो. परंतु यंत्रांच्या संदर्भात ते अपुरे पडतात. मोडी पत्रव्यवहाराशी परिचय असलेल्या वाचकाला यापेक्षा नेमकी गोष्ट आठवेल. जुन्या मराठी पत्रात आरंभी मायना असे. पत्र कोणी कोणास लिहिले आणि उभयतांचा दर्जा काय, हे त्यावरून कळे. शेवटी मोर्तब होई, म्हणजे मजकूर येथे संपला, यानंतरचे अक्षर लेखकाचे नव्हे, अशी खूण. मायना व मोर्तब हे मजकुराचे भाग नसत. मजकूर योग्य हाती आणि अखंड पोहोचावा यासाठी त्याला घातलेले ते कोंदण असे. आधुनिक बिनतारी संदेशाची रचना थेट अशीच असते. लांब संदेशाचे लहान लहान तुकडे केले जातात. त्यांना ‘पॅकेट’ म्हणतात. आपण त्यांना लखोटे म्हणू. प्रत्येक लखोट्याच्या आरंभी पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, क्रमांक आणि आयुर्मर्यादा असते. अखेरीस मजकुरावरून गणिताने काढलेली एक खूण असते. वाटेत एखादे अक्षर बिघडले, तर ही खूण जुळत नाही आणि लखोटा टाकून दिला जातो. मायना कसा लिहावा, मोर्तब कसे तपासावे आणि न जुळल्यास काय करावे, या सर्वांविषयीचा पूर्वनिश्चित करार म्हणजे प्रोटोकॉल. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘संकेतनियम’ हा शब्द योजला आहे.

दुसरी संज्ञा ‘ॲड हॉक’. कार्यालयीन मराठीत तिचे ‘तदर्थ’ असे भाषांतर रूढ आहे. परंतु तदर्थ समिती, तदर्थ नेमणूक अशा प्रयोगांमुळे त्या शब्दाला तात्पुरतेपणाची, किंबहुना काहीशा हलगर्जीपणाची छटा चिकटली आहे. मूळ अर्थ केवळ ‘त्या प्रयोजनासाठी’ एवढाच. ‘मोबाईल ॲड हॉक नेटवर्क’ म्हणजे फिरत्या रेडिओ-संचांनी, त्या वेळच्या प्रयोजनासाठी, आधी उभारलेल्या कोणत्याही मनोऱ्याच्या अथवा तारेच्या आधारावाचून आपसांत विणलेले जाळे. ते तात्पुरते असते हे खरे. पण त्याचे नियम तात्पुरते नसतात. उलट, रचना जितकी अस्थिर, तितके नियम काटेकोर असावे लागतात.

३

हे जाळे कशाहून वेगळे आहे, हे समजण्यास चंडीगड शहरासारखे दुसरे उदाहरण नाही. ल कॉर्ब्युझिए यांनी या शहराचे रस्ते सात प्रतींत विभागले. दूरच्या गावांना जोडणाऱ्या हमरस्त्यापासून घरांच्या दारापर्यंत जाणाऱ्या वाटेपर्यंत प्रत्येकाची प्रत व कार्य ठरलेले आहे. सेक्टरांचे प्रमाण सर्वसाधारणपणे ८०० मीटर बाय १२०० मीटर असे आहे. त्यामुळे येथे घराचा पत्ता हाच घराचा ठावठिकाणा असतो; सेक्टर व घरक्रमांक सांगितला की नवख्या माणसालाही दिशा कळते. नेहमीचे दूरध्वनी-जाळे असेच असते. आपल्या हातातील मोबाईल फोन फिरता असला, तरी तो शेजारच्या फोनशी परस्पर बोलत नाही. दोघेही जवळच्या मनोऱ्याशी बोलतात, मनोरे स्थिर असतात आणि त्यांच्यामागे तारांचे पक्के जाळे असते. मनोरा पडला की त्याच्या आसऱ्याचे फोन एकमेकांपासून दहा पावलांवर असूनही अबोल होतात.

चंडीगडच्या ईशान्येस शिवालिकच्या टेकड्या सुरू होतात. त्यांच्या पायथ्याशी चंडीमंदिर येथे भारतीय सेनेच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय आहे. ते पूर्वी सिमल्यास होते. शेजारच्या पंचकुला गावी भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उपक्रमाचा कारखाना असून तेथे लष्करी संदेशवहनाची साधने तयार होतात. निरभ्र रात्री चंडीगडहून कसौलीच्या धारेवरचे दिवे दिसतात. सैन्याच्या तुकड्या ज्या अतिउच्च कंप्रतेच्या लहरींवर बोलतात, त्या बव्हंशी नजरेच्या रेषेतच चालतात; म्हणून या मैदानातून कसौलीच्या समोरच्या उताराशी बोलणे सोपे आहे. धारेपलीकडच्या नाळेत उतरलेल्या तुकडीशी मात्र, ती अंतराने जवळ असली, तरी थेट बोलता येत नाही. तेथे धारेवरच्या कोणीतरी मध्यस्थी करावी लागते.

अशी मध्यस्थी पूर्वी नेमून दिलेली असे. १९८० च्या दशकात भारतीय सेनेने ‘आर्मी रेडिओ इंजिनिअर्ड नेटवर्क’ ही व्यवस्था स्वीकारली. तीत वाहनांवर बसविलेल्या केंद्रांची एक जाळी रणक्षेत्रात पसरली जाई आणि तुकड्या जवळच्या केंद्राला जोडल्या जात. एखादे केंद्र निकामी झाले, तरी जाळीतील दुसरी वाट मोकळी राहत असे. पानिपतच्या एकमार्गी व्यवस्थेपेक्षा ही फार मोठी प्रगती होती. तथापि केंद्रे व त्यांचे आश्रित हा भेद कायम होता, आणि केंद्राला जागा बदलायची झाली की त्याला आपले बस्तान हलवावे लागे. फिरत्या तदर्थ जाळ्यात हा भेदच नाहीसा होतो. प्रत्येक संच स्वतःसाठी बोलतो आणि त्याच वेळी इतरांचा जासूदही असतो. मात्र चंडीगडची सोय येथे संपते. येथे नाव हे ठावठिकाण्याचे चिन्ह नसते. कालच्या क्षणी जो शेजारी होता, तो आज धारेपलीकडे असू शकतो. म्हणून अशा जाळ्यापुढे दोन मूलभूत प्रश्न येतात : कोणी केव्हा बोलावे, आणि कोणाचा निरोप कोणी वाहावा?

४

पहिला प्रश्न पाळीचा आहे. आकाश सर्वांचे एकच. दोघे एकाच कंप्रतेवर एकाच वेळी बोलले, तर ऐकणाऱ्याला दोघांचेही कळत नाही. माणसांच्या बिनतारी संभाषणात यासाठी शब्दांचेच संकेत असतात. ‘ओव्हर’ म्हणजे माझे बोलणे झाले, आता तुमची पाळी; ‘आऊट’ म्हणजे संभाषण संपले, उत्तराची अपेक्षा नाही. हिंदी चित्रपटांतील पात्रे हे दोन्ही शब्द एकत्र उच्चारतात, ते या दृष्टीने आत्मविसंगत आहे. एकाच श्वासात उत्तर मागणे आणि दार लावून घेणे, असे ते होते.

यंत्रांना हा संकेत कसा शिकवावा, याचा पहिला मोठा प्रयोग १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी केला. बेटांवर विखुरलेल्या केंद्रांसाठी त्यांनी नियम अगदी साधा ठेवला : बोलायचे असेल तेव्हा बोला, पोच आली नाही, तर थोडा वेळ, प्रत्येकाने वेगवेगळा, थांबून पुन्हा बोला. गणिताने असे दिसते की, या स्वैर पद्धतीत आकाशाच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त सुमारे १८ टक्के भागच कामी येतो. बाकीचा टकरींत आणि शांततेत जातो. १९७२ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी एक लहानशी शिस्त सुचविली : काळाचे समान भाग पाडावेत आणि ज्याला बोलायचे त्याने भागाच्या आरंभीच तोंड उघडावे. एवढ्याने उपयोग दुप्पट होऊन सुमारे ३७ टक्क्यांवर गेला.

बोलण्यापूर्वी कान देऊन ऐकावे, हा उपाय कोणालाही सुचेल. पण डोंगरात तोही पुरत नाही. कसौलीच्या धारेवर एक संच आहे आणि तिच्या दोन विरुद्ध उतारांवर दोन तुकड्या आहेत, अशी कल्पना करू. दोन्ही तुकड्यांना धारेवरचा संच ऐकू येतो. परंतु एकमेकींचा आवाज त्यांना येत नाही. प्रत्येकीला आकाश रिकामे वाटते, दोघी एकदम बोलतात, आणि धारेवर केवळ कलकलाट पोहोचतो. ‘दडलेल्या वक्त्याची’ ही अडचण टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्ये शास्त्रीय रीतीने मांडली. तिच्यावरचा एक उपाय असा की, बोलणाऱ्याने आधी लहानशी परवानगी मागावी आणि ऐकणाऱ्याने मोठ्याने ती द्यावी, म्हणजे ती दडलेल्या तिसऱ्यालाही ऐकू येते व तो गप्प राहतो. लष्करी जाळ्यांत बहुधा याहून कडक उपाय योजतात. सेकंदाचे अनेक सूक्ष्म भाग करून ते पाळ्यांच्या रूपाने वाटून दिले जातात. दूरवर एकमेकांना ऐकू न येणाऱ्या दोघांना एकच पाळी दिली तरी चालते. यासाठी सर्वांची घड्याळे अत्यंत सूक्ष्म प्रमाणात जुळलेली असावी लागतात. उपग्रहावरून येणारी वेळ त्यासाठी सोयीची असते. पण शत्रू ती दडपू शकतो, म्हणून संचांना आपसांत वेळ जुळविण्याचीही सोय ठेवावी लागते.

५

दुसरा प्रश्न, निरोप कोणी वाहावा हा, अधिक गहन आहे. १९७३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण-संशोधन संस्थेने लखोट्यांच्या पद्धतीचे फिरते रेडिओ-जाळे उभारण्याचा उपक्रम हाती घेतला. २७ ऑगस्ट १९७६ रोजी कॅलिफोर्नियात एका मोटारगाडीत बसविलेल्या अशा संचातून निघालेला मजकूर निराळ्या प्रकारच्या, तारांच्या जाळ्यात यशस्वीपणे जाऊन मिळाला; आजच्या इंटरनेटच्या पूर्वेतिहासात या दिवसाला स्थान आहे. त्या जाळ्यातील प्रत्येक संच दर साडेसात सेकंदांनी आपले अस्तित्व व आपल्याला ठाऊक असलेली अंतरे शेजाऱ्यांना घोषित करी. शेजारी त्या घोषणांवरून आपापली मार्गसारणी तयार करीत : अमुकापर्यंत इतके टप्पे, पहिला टप्पा तमुकाच्या हाती.

ही पद्धत सरळ दिसते; परंतु तीत एक दोष दडलेला आहे, आणि अफवेचा स्वभाव जाणणाऱ्याला तो चटकन ओळखू येईल. अ, ब आणि क असे तीन संच ओळीने आहेत. क पर्यंत जाण्यास ब ला एक टप्पा लागतो आणि ब च्या मार्फत अ ला दोन. आता क दरीत उतरला आणि त्याचा ब शी संबंध तुटला. इतक्यात ब ला अ ची जुनी घोषणा ऐकू येते : ‘क माझ्यापासून दोन टप्प्यांवर आहे.’ ही माहिती मुळात आपल्याकडूनच गेली होती, हे ब ला कळण्याचा मार्ग नाही. तो समजतो की अ कडे दुसरी वाट आहे आणि आपल्या सारणीत तीन टप्पे लिहितो. ते ऐकून अ चार लिहितो, मग ब पाच लिहितो. दोघे परस्परांच्या आधारावर नसलेली वाट लांबवीत राहतात, आणि क साठीचे लखोटे त्यांच्यामध्ये येरझारा घालतात. आपलीच बातमी फिरून आपल्याकडे आली आणि ती आपण पुरावा म्हणून स्वीकारली, असा हा प्रकार आहे.

१९९४ मध्ये चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी या दोषावर जो उपाय सुचविला, तो विशेष मननीय आहे. पुढे भागवत यांनी बिनतारी जाळ्यांच्या सुरक्षिततेसाठी एअरटाइट नेटवर्क्स ही कंपनी काढली व तिचे संशोधनकार्य पुण्यात चालत असे, हेही येथे नमूद करण्यास हरकत नाही. त्यांचा उपाय असा : प्रत्येक संचाने स्वतःविषयीच्या घोषणेला एक अनुक्रमांक द्यावा, तो दर वेळी वाढवावा आणि नेहमी सम ठेवावा. कोणाशी संबंध तुटल्याचे शेजाऱ्याच्या लक्षात आले, तर त्याने ती बातमी पुढचा विषम क्रमांक लावून प्रसृत करावी. ऐकणाऱ्याने जवळच्या वाटेपेक्षा ताज्या क्रमांकाला मान द्यावा. क्रमांक सारखे असतील तरच अंतर पाहावे. वरील उदाहरणात अ ची घोषणा जुन्या क्रमांकाची असल्यामुळे ब तिला फसत नाही. थोडक्यात, एखाद्याविषयीच्या बातमीवर पहिला अधिकार त्याचा स्वतःचा; इतरांना केवळ तो हरवल्याचे सांगता येते, आणि तेही खूण करून. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांना यातील न्याय परका वाटणार नाही. प्रत किती सुबक आहे, यापेक्षा ती मुळाच्या किती जवळची आहे, हे प्रथम पाहावयाचे असते.

पुढील दशकात दोन मते विशेष पुढे आली. एका मताप्रमाणे, वाट आधी शोधूनच ठेवू नये. निरोप निघेल तेव्हा विचारपूस करावी. शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारीत जावे आणि उत्तर ज्या वाटेने प्रश्न आला त्याच वाटेने परतावे. पर्किन्स, बेल्डिंग-रॉयर आणि समीर दास यांनी जुलै २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले संकेतनियम या पंथाचे. दुसऱ्या मताप्रमाणे, संपूर्ण नकाशा सदैव तयार असावा. ऑक्टोबर २००३ मध्ये क्लाउसेन आणि जाके यांच्या संपादनाखाली निघालेले नियम या पंथाचे होत. त्यांत प्रत्येक संचाने साधारणतः दर दोन सेकंदांनी शेजाऱ्यांस नमस्कार घालावा, अशी योजना आहे. नकाशाची बातमी सर्वत्र पोहोचविताना प्रत्येकाने ती पुन्हा उच्चारली, तर पन्नास संचांच्या जाळ्यात एकाच बातमीचा पन्नास वेळा उच्चार होईल. म्हणून प्रत्येक संच शेजाऱ्यांपैकी मोजकेच प्रतिनिधी निवडतो. त्यांच्या मार्फत शेजाऱ्यांच्या सर्व शेजाऱ्यांपर्यंत आवाज पोहोचावा एवढीच अट असते. पुनरुच्चार केवळ प्रतिनिधी करतात, बाकीचे ऐकतात.

कोणते मत श्रेष्ठ, हा प्रश्न सैन्याच्या बाबतीत निव्वळ सोयीचा राहत नाही. विचारपूस करून वाट शोधली, तर पहिला शब्द उशिरा पोहोचतो. तोफांचा मारा थांबविण्याची सूचना देणाऱ्याला तो उशीर परवडत नाही. नकाशा सतत जागता ठेवला, तर प्रत्येक संच दर दोन सेकंदांनी आपण येथे असल्याचे सांगत राहतो, आणि ते ऐकणारे केवळ मित्रच नसतात.

६

येथे लष्करी जाळे आणि नागरी जाळे यांच्या वाटा वेगळ्या होतात. लष्करी संचाच्या प्रत्येक शब्दाची तीन भये असतात. शत्रू तो समजून घेईल. शत्रू तो दडपून टाकील. आणि शब्द न समजताही तो कोठून आला हे शत्रू ओळखील. पहिल्या भयावर कूटलेखनाचा उपाय आहे. दुसऱ्यासाठी कंप्रता सतत बदलत ठेवतात. अमेरिकन सैन्याचा ‘सिंकगार्स’ हा संच ३० ते ८८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील २,३२० मार्गिकांवरून सेकंदाला शंभराहून अधिक वेळा उड्या घेतो. ज्याच्याजवळ उड्यांचा क्रम आहे त्यालाच संभाषण सलग ऐकू येते. या कल्पनेचे एक प्रसिद्ध पूर्वरूप म्हणजे अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ मध्ये मिळविलेले पेटंट. पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ कंप्रता त्यात योजिल्या होत्या.

तिसऱ्या भयावर खरा उपाय एकच, तो म्हणजे मौन. आवाज क्षीण ठेवावा, झोत एका दिशेला वळवावा, नमस्कारांची संख्या कमी करावी, हे सर्व त्या मौनाकडे जाण्याचेच प्रयत्न होत. पण तदर्थ जाळे बोलण्यावर जगते. जो गप्प बसला, तो नकाशातून पुसला जातो आणि त्याच्या मार्फत जाणाऱ्या वाटाही पुसल्या जातात. स्वतःच्या सुरक्षिततेसाठी मौन आणि इतरांच्या निरोपासाठी वाणी, हा पेच नियमांनी पूर्णपणे सुटत नाही. केव्हा गप्प राहावे हा निर्णय अखेर तुकडीच्या नायकालाच घ्यावा लागतो.

चौथे एक भय आहे, आणि ते बाहेरचे नसून आतले आहे. २००३ चे दोन्ही संकेतनियम, सर्व सभासद खरे बोलतात, या गृहीतावर उभे होते. शत्रूच्या हाती लागलेल्या एखाद्या संचाने ‘सर्वांकडे जाणारी सर्वांत जवळची वाट माझ्याकडे आहे’ असे घोषित केले, तर साऱ्या तुकडीचे लखोटे त्याच्याकडे वाहू लागतात आणि तो ते गिळून टाकतो. जेथे प्रत्येक जण जासूद असतो, तेथे एका जासुदाची फितुरी सर्वांना भोवते. यासाठी लष्करी जाळ्यांत प्रत्येक घोषणेवर गुप्त किल्लीने मोर्तब करावे लागते आणि हरवलेल्या संचाची किल्ली तातडीने रद्द करावी लागते. मार्ग निवडणे हा प्रश्न गणिताचा खरा. पण कोणाचे म्हणणे ग्राह्य धरावे, हे ठरविल्यावाचून ते गणित सुरूच होत नाही.

७

या विद्येच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. २००० साली पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी सिद्ध केले की, अशा जाळ्यात सभासद वाढत गेले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी बोलण्याची क्षमता घटत जाते. यदृच्छेने विखुरलेल्या संचांची संख्या चौपट झाली, तर प्रत्येकाचा वाटा निम्म्याहूनही कमी होतो. याचे कारण उघड आहे. जाळे जितके मोठे, तितके टप्पे अधिक. आणि टप्पे जितके अधिक, तितका प्रत्येकाचा वेळ दुसऱ्यांचे निरोप वाहण्यात जातो. हा यंत्राचा दोष नव्हे. केंद्राविना राहण्याची ती किंमत आहे. त्यामुळे व्यवहारात लहान गट करून त्यांना वरच्या पातळीवर जोडण्याची पद्धत स्वीकारावी लागते, म्हणजेच थोडीफार उतरंड मागच्या दाराने परत येते. अमेरिकेने १९९७ मध्ये आरंभिलेल्या सर्वसमावेशक रेडिओच्या योजनेतील वाहनांवरचा संच ऑक्टोबर २०११ मध्ये रद्द करण्यात आला, ही घटना या क्षेत्रातील महत्त्वाकांक्षेला सावध करणारी आहे.

भारतातही हे काम पुढे सरकले आहे. नव्या पिढीच्या संचांत कंप्रता, कूटलेखन आणि संकेतनियम हे जडणघडणीत कायमचे बांधलेले नसून आज्ञावलीच्या रूपाने असतात व ती बदलता येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये नौदलासाठी अशा संचांचा करार भारत इलेक्ट्रॉनिक्सशी झाला. त्यांच्या विकासात डेहराडूनची संरक्षण-इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा अग्रभागी होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूसेनेनेही, फिरत्या तदर्थ जाळ्याची क्षमता असलेल्या देशी बनावटीच्या संचांसाठी त्याच उपक्रमाशी करार केला. त्याच महिन्यात अशा संचांच्या आज्ञावलीसाठी एक राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. निरनिराळ्या उत्पादकांनी बनविलेले संच एकमेकांची भाषा बोलू शकावेत, हा त्याचा हेतू. सामाईक व्याकरणावाचून ही गोष्ट होणारी नव्हती.

सभासद बखरीत सिंहगडाच्या प्रसंगी असे वर्णन आहे की, गड हाती आल्यावर पागेच्या खणांना आग लावण्यात आली आणि तिचा उजेड राजगडावरून पाहून राजांनी विजय ओळखला. एका ज्वाळेत एकच अर्थ मावतो. पण तो पोहोचायला दोन गडांमध्ये मोकळी नजर पुरेशी होती. पानिपतावर अशी नजर कोणालाच नव्हती. तेथे हजारो माणसांजवळ सांगण्यासारखे खूप होते आणि ते वाहून नेणारी वाट नव्हती. आजच्या फिरत्या जाळ्याचे उद्दिष्ट ती वाट निर्माण करणे हे आहे. तथापि ती वाट जमिनीवर नसते. शेजाऱ्याचा निरोप आपला समजून पुढे नेण्याच्या कराराने ती घडते आणि दर दोन सेकंदांनी नव्याने घडवावी लागते. या करारातील नियम यंत्रे पाळतात; परंतु ते रचताना पाळी, पुनरुक्ती, अफवा, प्रामाण्य आणि मौन या ज्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले, ते भाषेच्या अभ्यासाचे जुनेच प्रश्न आहेत. मराठीत या विद्येची परिभाषा अद्याप घडायची आहे. ती घडविताना केवळ इंग्रजी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द जोडण्याऐवजी मायना, मोर्तब, टप्पा, जासूद यांसारख्या, संदेशवहनाच्या प्रत्यक्ष व्यवहारात रुळलेल्या शब्दांकडे आपल्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे, एवढी सूचना करून हा लेख पुरा करतो.